हेडफोनबद्दल विचारलं होतंस म्हणून

प्रिय ठोंब्या,

तुझा मेसेज मिळाला. नवी नोकरी लागली, स्वतःचं टेबल-खुर्ची मिळाली, हे वाचून आईने दोनदा चष्मा पुसला. पुढे तू लिहिलं होतंस, 'एका हॉलमध्ये वीस-बावीस माणसं, सगळ्यांचे फोन सतत चालू, डोकं पिकतं. ताई, तुझं तर कामच कानांचं. दिवसभर घातले तरी दुखणार नाहीत आणि आवाज झकास येईल, असे हेडफोन सुचव ना.' मी 'सविस्तर सांगते' एवढंच उत्तर दिलं होतं. तर हे सविस्तर. कागदावर कशाला, म्हणशील. वाचत गेलास की कळेल. अक्षर वाकडंतिकडं आलंय, कारण उजव्या तळव्याला टाके आहेत आणि पेन धरलं की ओढ बसते.

त्या टाक्यांबद्दल तू काही विचारलं नाहीस. आमच्या ऑफिसवर हल्ला झाला ते पेपरात आलं होतं. आईने तुला कितीतरी फोन केले, तू उचलले नाहीस. कामात असेल गं, असं मीच तिला समजावलं. म्हणून आधी ते सांगते. हेडफोनचं त्यातच येईल, कारण ते घडलं त्या दिवशी आम्ही हेडफोनच निवडत होतो.

आम्ही जागा बदलल्यापासून तू फिरकला नाहीस, त्यामुळे तुला हे ऑफिस ठाऊक नाही. चौथ्या मजल्यावर एक लांबट खोली, दोन्ही भिंतींना टेबलं, मध्ये चालायला जेमतेम जागा. सिनेमात पात्रं बोलतात त्या ओळी पडद्याखाली लिहून येतात ना, त्या आम्ही लिहितो. एकेक वाक्य दहा-दहा वेळा ऐकायचं. एकाच्या सिनेमात भांडण, दुसऱ्याच्या सिनेमात अंगाई, तिसऱ्याच्या सिनेमात कोंबड्या. जुने हेडफोन इतके खिळखिळे झाले होते की माझ्या अंगाईत शेजारच्याच्या कोंबड्या शिरायच्या. त्यावरून रोज कुरबुर. शेवटी मॅडम वैतागल्या. मॅडम म्हणजे आमच्या मालकीणबाई. मला म्हणाल्या, "तू चोखंदळ आहेस, तूच निवड. प्रत्येकाचं डोकं बघून निवड, सरसकट नको."

आणि डोकी काय एकेक! एक गुणगुण्या आहे, काम करताना गाणं म्हणतो आणि आपण म्हणतोय हे त्याला कळत नाही. एक नवी मुलगी आहे, खांद्याला टेकतील असे लांब डूल घालते, काढ म्हटलं की डोळ्यांत पाणी. आणि मास्तर. मास्तर शाळेतून निवृत्त झाल्यावर इथे आले, मला हे काम त्यांनी शिकवलं. माझ्या ऱ्हस्व-दीर्घावर अजून लाल पेन चालवायचे. चष्म्याच्या काड्या जाड, कान चांगले पसरलेले. मी टेप घेऊन त्यांच्या डोक्याचं माप काढायला गेले तर म्हणाले, "कानांचं माप कशाला घेतेस? माझ्या कानांची चित्रं पोरांनी फळ्यावर काढून ठेवली आहेत, तिथून उतरवून घे."

तर ऐक. कानात बोळ्यासारखे खुपसायचे असतात ते नकोत. दिवसभराला ते टिकत नाहीत, कानाच्या आत हुळहुळतं. कानाच्या पाळीवर टेकणारेही नकोत, तासाभरात पाळी लाल होते. अख्खा कान आत मावेल असे मोठ्या वाटीचे घे. वाटी मागून बंद असलेली बघ. उघड्या वाटीचे आवाजाला फार गोड असतात, खोलीतच कुणी बोलतंय असं वाटतं, पण तुझा आवाज शेजाऱ्याला आणि शेजाऱ्याचा तुला. सगळे एकत्र बसतात तिथे ते कामाचे नाहीत. गादी कापडी असली तर घाम धरत नाही. दुकानात दोन मिनिटं घालून 'छान' म्हणू नकोस. चांगला अर्धा तास घालून उभा राहा, दुकानदाराला बघू दे काय बघायचं ते. डोक्यावरची पट्टी टाळूला टोचते का, जबडा हलवला की वाटी उचलली जाते का, ते तेव्हा कळतं. आणि गाणं लावून पारखू नकोस, गाणं सगळ्यांवर चांगलंच वाजतं. कुणाचं तरी साधं बोलणं लाव, हळू आवाजातलं. 'स' आणि 'श' वेगळे कळले पाहिजेत, वाक्य संपल्यावर माणसाने घेतलेला श्वास ऐकू आला पाहिजे. तसे मिळाले की डोळे मिटून घे.

बाहेरचा आवाज गिळून टाकणारेही येतात. पंख्याची घरघर, रस्त्यावरच्या गाड्यांचा गोंगाट ते पुसून टाकतात, माणसांचं बोलणं तेवढं थोडं झिरपतं. काहींना त्यात कान दडपल्यासारखे होतात, मला होतात. मास्तरांना मात्र ते इतके आवडले की पहिल्यांदा घातल्यावर ते काढायलाच तयार होईनात. मग म्हणाले, "पोरी, बत्तीस वर्षं वर्गात काढली मी. शांतता म्हणजे अशी असते होय!" जाड काड्यांमुळे फट राहत होती, म्हणून मी मऊ गादीचे शोधून आणले होते. ते त्यांना अगदी चपखल बसले.

आता इमारतीचं सांगते. मालकाला ती पाडून मोठी बांधायची आहे. बाकीचे मजले रिकामे झाले, आम्हीच उरलो. मॅडमकडे कराराची मुदत शिल्लक आहे, कोर्टाचा कागद आहे, त्या म्हणाल्या मी हलणार नाही. बांधकाम घेणाऱ्या कंपनीची माणसं आधी दोनदा येऊन गोड बोलून गेली. मग पाणी बंद झालं. मग जिन्यात कुणीतरी घाण आणून टाकली. मॅडमनी स्वतः बादली घेऊन जिना धुतला. आम्ही हसलो होतो तेव्हा. वाटलं, यापुढे आणखी काय करणार?

त्या दिवशी जेवणं नुकतीच आटोपली होती. मास्तर ते नवे हेडफोन घालून, आवाज पूर्ण वाढवून, दाराकडे पाठ करून, डोळे मिटून बसले होते. एखादं पुटपुटलेलं वाक्य पकडायचं असलं की ते असेच बसायचे. मी नव्या मुलीच्या टेबलाशी उभी होते. तिच्या हेडफोनला बोलायचा माईक जोडलेला होता, तो तपासायला रेकॉर्डिंग चालू केलं होतं आणि तिला म्हणत होते, काहीतरी बोल, लाजू नकोस. तेवढ्यात दार कडीसकट आत आलं. पाच-सहा जण. तोंडाला फडकी, काहींच्या डोक्यावर हेल्मेट, हातात लोखंडी पाइप. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही, कामाला आल्यासारखे आले. आधी कॉम्प्युटरचे पडदे फोडले, एका टोकापासून, एकेक करून. काचा उडून माझ्या केसांत गेल्या. मग एकाने सांगितलं, "उठा. बाहेर व्हा सगळे."

गुणगुण्या दोन्ही हात वर करून उभा राहिला. हात वर होते रे त्याचे. पाइप त्याच्या तोंडावर आडवा बसला आणि त्याचे दात कीबोर्डवर पडले. ती मुलगी दाराकडे पळाली तर एकाने मागून डूल धरून ओढला. कानाची पाळी खालपर्यंत फाटली. कापड फाटावं तसा आवाज आला आणि त्याच्यामागून तिची किंकाळी. मॅडम मध्ये आल्या, "कोर्टाचा कागद आहे माझ्याकडे," एवढंच म्हणाल्या. त्यांना उलट्या हाताने मारलं, त्या पडल्या, मग मनगटाला धरून त्यांना काचांवरून फरफटत दारापर्यंत नेलं. कागद कुठे होता कोण जाणे.

मास्तर बसलेलेच होते. त्यांना ऐकूच येत नव्हतं. एकजण ओरडला, "ए म्हाताऱ्या, ऊठ!" मास्तर हलले नाहीत. तेव्हा दाराकडून दुसरा आवाज आला, "ऐकत नाही तो. दे त्याला." पहिला घाव खांद्यावर बसला. मास्तर वळले. आणि काय केलं त्यांनी सांगू? कुणी बोलायला आलं की ते आधी हेडफोन काढायचे, मग 'बोला' म्हणायचे. ती सवय. दोन्ही हात वर करून ते हेडफोन काढत होते. तोंड उघडलेलं होतं, 'बोला' म्हणण्यासाठीच. दुसरा घाव कानशिलावर बसला. वाटीचे तुकडे झाले. ते खुर्चीतून घसरले आणि त्यांच्या नाकातून आणि कानातून रक्त आलं, दाट, काळपट. तरी तो थांबला नाही. पडलेल्या माणसाच्या बरगड्यांवर त्याने पाइप चालवला. ओल्या लाकडासारखा आवाज येतो, तो मला आता कुठल्याही सिनेमात ओळखता येईल.

मग मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. स्टूल उचलून मारलं असावं, कारण स्टुलाचा पाय मोडलेला सापडला. चावले ते मात्र आठवतं. पाइपवाल्याच्या मनगटाला चावले आणि सोडलं नाही, त्याचं रक्त माझ्या तोंडात आलं, खारट, कोमट. त्याने माझे केस पकडून मला खाली आपटलं, माझा तळवा काचेवर गेला. त्याने त्यावर पाय दिला. पाइप वर गेलेला मी पाहिला. मी डोळे मिटले नाहीत. आणि दाराकडून कुणीतरी हळूच म्हणालं, "हिला नको." मग जरा मोठ्याने, "ए, हिला नको. चल, बास झालं, निघा." लगेच केस सुटले. लगेच. जिन्यावरून पावलं उतरत गेली आणि वर आम्ही राहिलो, ती मुलगी कान धरून विव्हळत होती, आणि मास्तरांचे पाय थरथरत होते.

हॉस्पिटलात मी येईल त्याला सांगत होते की त्यांच्यात एकजण तरी माणूस होता, त्याने मला वाचवलं. मास्तरांच्या बायकोलाही सांगितलं. काकू बाकावर बसल्या होत्या, मांडीवर मास्तरांचा चष्मा, एक काडी तुटलेली. मला वाटलं होतं त्यांना तेवढाच धीर येईल. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ह्यांच्या वेळी तो कुठे गेला होता गं?" मास्तर शुद्धीवर आले नाहीत. ऑपरेशननंतर आठवडाही निघाला नाही. काही लोक म्हणाले, ते हेडफोन नसते तर ऐकू आलं असतं, उठले असते, वाचले असते. काकूंनीच त्यांना गप्प केलं. "माझ्या नवऱ्याला हेडफोनने मारलेलं नाही," म्हणाल्या. मीही तेच धरून आहे. चांगले हेडफोन घे, खुशाल घे. शांत बसून काम करणं हा गुन्हा नाही.

मागच्या आठवड्यात तपास करणाऱ्या बाई आल्या. त्या माईकचं रेकॉर्डिंग वाचलं होतं. आमच्या फायली आपोआप मॅडमच्या घरच्या कॉम्प्युटरवर जमा होतात, तिथे ते सापडलं. बाई म्हणाल्या, "आम्ही ऐकलं, पण सगळा गोंधळ आहे. तुमचं हेच काम ना? कोण काय बोललं ते वेगळं काढून द्याल का? जमेल तुम्हाला?" मी हो म्हटलं. आपल्या घरी, मागच्या खोलीत, दार लावून बसले. तुला वर सांगितले तसलेच हेडफोन, मोठ्या बंद वाटीचे. आई बाहेर भाजी चिरत होती, तिला सिनेमाचं काम आहे सांगितलं.

एकेक वाक्य दहा-दहा वेळा, नेहमीसारखं. 'उठा, बाहेर व्हा' म्हणणारा एक. 'ए म्हाताऱ्या' म्हणणारा दुसरा, घोगरा. 'दे त्याला' म्हणणारा तिसरा. मग माझं ओरडणं आलं. मग 'हिला नको'. मी मागे गेले, 'दे त्याला' लावलं. पुढे आले, 'हिला नको' लावलं. दोन्ही एकाच गळ्यातले होते. ज्याने मला वाचवलं त्यानेच मास्तरांना मारायला सांगितलं होतं. हे कळलं तेव्हा मला वाटलं, याहून वाईट काही ऐकायचं उरलं नाही. मग पुन्हा एकदा 'हिला नको' लावलं, आणि त्याच्या आधीचा श्वास ऐकला. नाकातून ओढलेला, मध्येच अडकलेला.

तो श्वास मी तू चार वर्षांचा होतास तेव्हापासून ओळखते रे. बाबा पट्टा काढायचे, मी तुझ्यापुढे उभी राहायचे आणि म्हणायचे, "ह्याला नको, बाबा." आणि तू माझ्या पाठीमागून, फ्रॉक घट्ट धरून, रडून रडून नाक भरलेलं, असाच श्वास ओढून म्हणायचास, "हिला नको, हिला नको." बाबांनी आपल्यापैकी कुणाचंच कधी ऐकलं नाही. पट्ट्याची बक्कल माझ्या पाठीवर उमटली ती आहे अजून. त्यांच्या मरणाला इतकी वर्षं झाली, पण दारात कुणी चप्पल जोरात काढली तरी मी भिंतीला सरकते. तूही सरकत असशील, नाही का? ते ठाऊक असलेल्या माणसाने हे करावं, याचा मी विचार करत राहिले. हेडफोन काढले तेव्हा माझे कान ओले झाले होते, मान मागे टाकून बसल्यामुळे डोळ्यांतलं पाणी ओघळून तिथे गेलं होतं. आईने विचारलं, रडकं चित्र होतं का गं? मी हो म्हटलं.

एक गोष्ट मात्र मला सुटत नाही, ती तुलाच सांगते. तू 'नको' म्हणालास आणि त्याने लगेच केस सोडले. म्हणजे त्या खोलीत तुझा शब्द चालत होता. मास्तरांसाठीही चालला असता. एवढंच 'ह्यांना नको' म्हणाला असतास तर तो म्हातारा आज माझ्या शेजारी लाल पेन घेऊन बसला असता. ते मला कोण लागत होते, हे तुला ठाऊक नव्हतं, खरं आहे. मी तिथे असेन हेही ठाऊक नव्हतं, हेही मी मानते. पण ते कुणाचे तरी कुणी होते, हे तर ठाऊक होतं ना? आणि आता तुझा मेसेज, टेबल मिळालं, खुर्ची मिळाली. त्या कंपनीचं नाव तू लिहिलेलं नाहीस. पत्ता लिहिलास, तेवढा मला पुरला; जागा सोडा म्हणून मॅडमना आलेल्या पत्रांवर तोच आहे.

हे पत्र त्याच पत्त्यावर पाठवते आहे, कारण घरचा पत्ता तू आम्हाला दिलेलाच नाहीस. फोन केला नाही, कारण तू 'ताई' म्हणालास की मी ढेपाळले असते, आणि मला ढेपाळायचं नाही. येत्या गुरुवारी सकाळी मला पोलीस स्टेशनात जाऊन, कोण काय बोललं ते सही करून द्यायचं आहे. तिसऱ्या आवाजापुढे जागा कोरी ठेवली आहे. त्याआधी तू ये. पळून जाऊ नकोस, आणि ज्यांनी तुला टेबल दिलं त्यांना विचारायला जाऊ नकोस. सरळ घरी ये, मी आणि तू बरोबर जाऊ. तू स्वतःच्या तोंडाने सांग, पाइप कुणी चालवला आणि पाठवलं कुणी, तेही सांग. मॅडमच्या ओळखीच्या एक वकीलबाई आहेत, त्यांच्याशी मी बोलेन. तुरुंगात भेटायला येईन, दर वेळी येईन. पण तू आला नाहीस, तर त्या जागेवर तुझं नाव मी लिहिणार आहे. आईला अजून काही सांगितलेलं नाही. तू आलास तर दोघं मिळून सांगू. नाहीतर मला एकटीला सांगावं लागेल, आणि तेही मी सांगेन.

काही झालं तरी तुझीच,
ताई